बाबांच्या टीव्हीवर आजीचं चॅनेल

दिवाळीला घरी जाताना तुम्ही काय नेता? बाकरवडी, आईला साडी, बाबांना शर्ट? गेल्या दिवाळीत पुण्याहून उमरखेडला निघताना मी सॅकमध्ये एक यूएसबी डीव्हीडी ड्राइव्ह टाकला. कारण ताईच्या लग्नाच्या तीन व्हीसीडी. लग्न 2004 चं. आजी 2011 मध्ये गेली, आणि तिचं चालतंबोलतं चित्रण म्हणजे त्या पंगतीतला जेमतेम मिनिटभर. घरातला सीडी प्लेअर कधीच भंगारात गेलेला. थोडक्यात, आजी माळ्यावर, पत्र्याच्या पेटीत!

पहिल्या दोन डिस्क सहज कॉपी झाल्या. तिसरी नेमकी पंगतीची. कॉम्प्युटर अर्धा तास घरघरला आणि एरर देऊन मोकळा. धीर सोडू नका, बॉस. मऊ कापडाने डिस्क मधून कडेकडे पुसा (गोल गोल नाही), दुसरा ड्राइव्ह असेल तर त्यात घालून बघा. आमची डिस्क शेवटी जुन्या डेस्कटॉपच्या ड्राइव्हने वाचली. मध्ये काही सेकंद गेले, पण आजी वाचली.

व्हीसीडीतल्या .डॅट फाइल्स व्हीएलसीमधून एमपी4 केल्या. चित्र मुळात 352 बाय 288 ठिपक्यांचं, त्यामुळे मोठ्या टीव्हीवर धूसर दिसणारच. आवाज मात्र खणखणीत.

आता खरा प्रश्न. बाबांना 'डी ड्राइव्ह, मग न्यू फोल्डर 2' कोण शिकवणार? इथे एन्ट्री मीडिया सेंटरची. कॉम्प्युटरवरचे सिनेमे, गाणी, फोटो हे सॉफ्टवेअर टीव्हीवर मोठ्या मेनूत मांडतं. मायक्रोसॉफ्टचं विंडोज मीडिया सेंटर 2002 मध्ये आलं आणि विंडोज 10 मध्ये गायब झालं. मी घेतलं कोडी. एकदम फुकट! मूळचं एक्सबॉक्स या गेम-कन्सोलसाठी बनलेलं एक्सबीएमसी, 2014 मध्ये त्याचं नाव कोडी झालं. फाइल्स घरच्याच कॉम्प्युटरवर, म्हणून बघायला इंटरनेट लागत नाही. आमच्याकडे नेट कधी रुसेल सांगता येत नाही, तेव्हा हा मुद्दा मोठा.

एचडीएमआय केबलने कॉम्प्युटर टीव्हीला जोडला, कोडीचा शॉर्टकट विंडोजच्या स्टार्टअप फोल्डरमध्ये टाकला. मशिन चालू केलं की कोडी हजर. सिनेमांच्या फोल्डरला नाव देताना साल टाकाच, नाहीतर पोस्टर भलतंच येऊ शकतं. 'श्यामची आई' 1953 चाही आहे आणि 2023 चाही! घरच्या व्हिडिओंना मात्र कंटेंट 'नन' ठेवा, नाहीतर ते तुमच्या ताईच्या लग्नाला नेटवर सिनेमा म्हणून शोधत बसेल. आणि फुकट सिनेमांचं आमिष दाखवणाऱ्या चोरट्या अॅड-ऑनच्या नादी लागू नका.

रिमोट म्हणून बाबांच्या फोनवर 'कोरे' हे कोडीचंच अॅप. त्यासाठी कोडीच्या सेटिंगमध्ये एचटीटीपी कंट्रोल चालू करायचा, पासवर्ड द्यायचा आणि फोन-कॉम्प्युटर एकाच वायफायवर ठेवायचे.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री आजी पडद्यावर आली. कुणाला तरी दटावत होती, "अरे, पोरीला वाढ की अजून!" ताई उठून आत गेली. बाबांनी तेवढंच चार वेळा मागे घेतलं.

पुण्याला परतलो आणि आठवड्यात फोन. "अरे, शेजारच्या काकू आल्यात. ते कुठं आहे?"

"बाबा, तिसरा फोल्डर. पंगत."

"ते दाखवलं रे. तुझ्या मुंजीचं कुठं आहे?"

मुंजीची कॅसेट. व्हीएचएस. तीही माळ्यावरच.