दूरच्या संगणकाशी संभाषण

मनुष्य जेथे असतो, तेथेच त्याचे काम असते असे नाही. धरणाच्या पाण्याची पातळी मोजणारे यंत्र डोंगराच्या कुशीत असते. त्याच्या नोंदी पाहणारा अभियंता शहरातील कचेरीत बसलेला असतो. मोठमोठी गणिते करणारा संगणक एखाद्या थंड दालनात अहोरात्र चालत असतो. त्याला गणित घालणारा शास्त्रज्ञ मात्र दुसऱ्याच देशात असू शकतो. अशा वेळी प्रत्येक कामासाठी मनुष्याने यंत्राजवळ जाणे शक्य नसते. त्याला यंत्राशी दुरूनच बोलावे लागते.

ज्या साधनाने मनुष्य संगणकाला अक्षरांतून आज्ञा देतो आणि त्याचे उत्तरही अक्षरांतच वाचतो, त्या साधनाला टर्मिनल म्हणतात. प्रारंभी टर्मिनल म्हणजे कळफलक जोडलेले, कागदावर छापणारे यंत्र होते. पुढे कागदाची जागा काचेच्या पडद्याने घेतली. आता तर टर्मिनल म्हणजे संगणकाच्या पडद्यावरील केवळ एक चौकट असते. रूप पालटले, तरी कार्य तेच राहिले. जो दूरचा संगणक अशा अनेक टर्मिनलांवरून आलेल्या आज्ञा स्वीकारतो व त्यांप्रमाणे कामे करून देतो, त्यास सर्व्हर असे नाव आहे.

दूरच्या गणकयंत्राशी बोलण्याचा पहिला जाहीर प्रयोग १९४० साली झाला. अमेरिकेतील हॅनोव्हर या गावी डार्टमथ महाविद्यालयात गणितज्ञांची सभा भरली होती. बेल प्रयोगशाळेतील जॉर्ज स्टिबिट्झ ह्यांनी दूरध्वनीत वापरल्या जाणाऱ्या विद्युत्-कळांपासून एक गणकयंत्र बनविले होते. ते यंत्र न्यूयॉर्क शहरात होते. सभास्थानी त्यांनी नेला तो केवळ एक दूरमुद्रक. ११ सप्टेंबर रोजी सभेतील गणितज्ञांनी त्या दूरमुद्रकावर आकडे छापले. ते तारेतून शेकडो किलोमीटर दूर गेले, आणि उत्तर त्याच वाटेने परत येऊन कागदावर उमटले. यंत्र तेथे नव्हते, तरी त्याची बुद्धी तेथे हजर होती!

ह्यानंतर एकोणतीस वर्षांनी दुसरा संस्मरणीय प्रसंग घडला. २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून चार्ली क्लाइन नावाच्या विद्यार्थ्याने स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील संगणकात प्रवेश करण्याचा प्रयत्न केला. त्याला ‘लॉगिन’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत पाठवावयाचा होता. ‘एल’ पोहोचले. ‘ओ’ पोहोचले. ‘जी’ पाठविताच पलीकडील यंत्रणा कोसळली! सुमारे तासाभराने ती सावरली व प्रयत्न यशस्वी झाला. आज जगभर पसरलेल्या संगणकांच्या महाजालाचा आरंभ अशा दोन अक्षरांनी झाला आहे.

संगणकांची संख्या वाढली, तसे त्यांच्यातील संभाषणाचे नियम ठरवावे लागले. दोन अनोळखी माणसांना समान भाषा लागते, तसाच हा प्रकार होय. दूरच्या संगणकात प्रवेश करण्यासाठी ‘टेलनेट’ नावाची नियमावली तयार झाली. तिचे प्रमाणित रूप १९८३ साली प्रसिद्ध झाले. ही नियमावली साधी व सोयीची होती. परंतु तिच्यात एक मोठे वैगुण्य होते. मनुष्य जे जे लिही, ते ते सर्व उघड्या रूपात जात असे. पोस्टकार्डावरील मजकूर ज्याप्रमाणे टपालाच्या वाटेवरील कोणासही वाचता येतो, त्याप्रमाणे टेलनेटवरून जाणारे प्रत्येक अक्षर वाटेवरील संगणकास वाचता येत असे. प्रवेशासाठी लागणारा गुप्त परवलीचा शब्दही ह्याला अपवाद नव्हता. ज्यांनी हे नियम घडविले, त्यांच्या काळी जाळ्यावर मोजकीच माणसे होती आणि ती बहुधा परस्परांना ओळखत असत. पुढे जाळे वाढले. ओळख मात्र तितकी राहिली नाही.

ह्या वैगुण्याचे फळ १९९५ साली फिनलंडमध्ये दिसून आले. हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यात कोणी तरी चोरून एक आज्ञावली बसविली. ती जाळ्यावरून जाणारे परवलीचे शब्द मुकाट्याने टिपून ठेवी. अशा प्रकारे हजारो लोकांचे शब्द चोरीस गेले. त्या विद्यापीठातील एक संशोधक टाटू युलोनेन ह्यांनी केवळ हळहळत न बसता उपाय शोधण्यास प्रारंभ केला. काही महिन्यांतच त्यांनी नवी नियमावली व तिच्याप्रमाणे चालणारी आज्ञावली तयार केली आणि जुलै १९९५ मध्ये ती सर्वांना मोफत दिली. तिचे नाव ‘सिक्युअर शेल’, म्हणजे थोडक्यात ‘एसएसएच’. संगणकावरील प्रत्येक सेवेला एक दारक्रमांक असतो. टेलनेटचा क्रमांक २३ होता. युलोनेन ह्यांनी त्याच्या शेजारचा २२ हा क्रमांक मागून घेतला, व तोच आजही चालू आहे. १९९९ साली ‘ओपनएसएसएच’ ही तिची मुक्त आवृत्ती निघाली आणि २००६ साली नियमावलीस जागतिक प्रमाणाचे रूप मिळाले.

एसएसएच पोस्टकार्डाऐवजी बंद लखोटा वापरते असे म्हणता येईल. तथापि, येथे एक कोडे उभे राहते. लखोट्याला कुलूप लावावयाचे, तर दोघांजवळ सारखीच किल्ली हवी. ती किल्ली पाठवावयाची ती त्याच उघड्या वाटेने! मग चोराला ती का मिळू नये? हे कोडे व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन ह्या दोन अमेरिकी संशोधकांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या रीतीने सुटते. ती रीत लहान अंकांनी समजून घेता येते.

समजा, गोविंद व यमुना ह्यांनी १३ आणि २ हे दोन अंक उघडपणे ठरविले. गोविंदाने मनात ४ हा अंक धरला. यमुनेने ५ धरला. हे अंक त्यांनी कोणासही सांगितले नाहीत. गोविंदाने २ हा अंक चार वेळा मांडून गुणाकार केला. तो १६ आला. त्यास १३ ने भागून उरलेली बाकी ३ त्याने यमुनेस कळविली. यमुनेने २ हा अंक पाच वेळा मांडून गुणाकार केला. तो ३२ आला. त्याची बाकी ६ तिने गोविंदास कळविली. आता गोविंदाने ६ हा अंक चार वेळा मांडून गुणाकार केला. तो १२९६ आला. १३ ने भागून बाकी ९ उरली. यमुनेने ३ हा अंक पाच वेळा मांडून गुणाकार केला. तो २४३ आला. त्याचीही बाकी ९ च उरली! दोघांना ९ ही समाईक किल्ली मिळाली, आणि ती वाटेवरून एकदाही गेली नाही. चोराने १३, २, ३ व ६ हे अंक ऐकले. ९ त्याने ऐकलाच नाही. अंक लहान असल्यास तो सर्व शक्यता तपासून किल्ली शोधू शकेल. परंतु ह्या रीतीच्या एका प्रचलित प्रकारात १३ च्या जागी सहाशेहून अधिक स्थळांची संख्या असते. तेथे सर्व शक्यता तपासणे आजच्या कोणत्याही संगणकाच्या आटोक्याबाहेरचे आहे.

तरीसुद्धा एक भय उरतेच. कुलूप उत्तम आहे; पण पलीकडे बसलेली यमुनाच आहे कशावरून? एखादा लबाड मध्येच उभा राहून गोविंदापाशी ‘मी यमुना’ आणि यमुनेपाशी ‘मी गोविंद’ असे म्हणू लागला, तर दोघांच्याही गुप्त गोष्टी त्याच्या हाती पडतील. पूर्वी राजाचे पत्र आले म्हणजे जाणता कारभारी प्रथम त्यावरील मुद्रा पाहत असे, आणि मगच मजकुरावर विश्वास ठेवीत असे. एसएसएचमध्येही प्रत्येक सर्व्हरजवळ स्वतःची अशी एक मुद्रा असते. ओळखीच्या सर्व्हरांच्या मुद्रा वापरणाऱ्याच्या संगणकावर एका यादीत नोंदलेल्या असतात. भेटीच्या वेळी मुद्रा जुळली, तर संभाषण पुढे चालते. ती बदललेली आढळली, तर धोक्याची सूचना मिळते. ह्यानंतर वापरणाऱ्यानेही आपली ओळख पटवावयाची असते. कोणी ती परवलीच्या शब्दाने पटवितो, कोणी स्वतःजवळ जपून ठेवलेल्या गुप्त किल्लीने.

एका माणसाला एका सर्व्हरशी बोलावयाचे असेल, तर हे सर्व टर्मिनलवर बसून करता येते. परंतु शंभर सर्व्हर असतील आणि प्रत्येकाची साठवणजागा किती उरली आहे हे दररोज पहाटे पाहावयाचे असेल, तर माणूस थकून जातो, आणि थकलेला माणूस चुकतो. असे काम आज्ञावलीकडे सोपविणे हिताचे असते. पण किल्ली ठरविणे, मुद्रा तपासणे, मजकूर कुलूपबंद करणे ही कामे प्रत्येक प्रोग्रामरने नव्याने लिहू म्हटले, तर त्यात वर्षे जातील. शिवाय एखादी बारीकशी चूक राहून सगळे कुलूपच पोकळ ठरेल. म्हणून जाणकारांनी ही कामे एकदा नीट लिहून, तपासून, सर्वांच्या उपयोगासाठी ठेवलेली असतात. अशा तयार आज्ञांच्या संग्रहाला लायब्ररी म्हणतात. सुतार प्रत्येक वेळी करवत घडवीत नाही. तो चांगली करवत विकत घेतो व लक्ष लाकडाकडे देतो.

पायथॉन ह्या संगणकभाषेत ‘पॅरामिको’ नावाची अशी एक लायब्ररी आहे. एस्पेरांतो ह्या कृत्रिम भाषेतील ‘संशयी’ आणि ‘मित्र’ अशा अर्थाच्या दोन शब्दांच्या संयोगाने हे नाव बनले आहे. संशयी मित्र! नाव गमतीचे खरे, पण अर्थपूर्ण आहे. तिच्या साहाय्याने आज्ञावली पुढील क्रमाने चालते. प्रथम ती ओळखीच्या मुद्रांची यादी वाचते. मग सर्व्हरचा पत्ता व वापरणाऱ्याची ओळख देऊन जोडणी करते. जोडणी झाली म्हणजे आज्ञा पाठविते. प्रत्येक आज्ञेबरोबर तिला तीन वाहते मार्ग मिळतात: एकातून सर्व्हरला मजकूर द्यावयाचा, दुसऱ्यातून त्याचे उत्तर घ्यावयाचे, तिसऱ्यातून त्याच्या तक्रारी ऐकावयाच्या. शेवटी सर्व्हर एक अंकही कळवितो. शून्य आले, तर काम सुरळीत पार पडले असे समजतात. परीक्षेत शून्य मिळणे वाईट. येथे मात्र शून्यासारखे सुख नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. अशा प्रत्येक आज्ञेसाठी नवी बैठक सुरू होते. ‘अमुक कप्प्यात जा’ अशी एक आज्ञा दिली व ‘तेथील यादी सांग’ अशी दुसरी दिली, तर दुसरीला पहिलीची आठवण नसते. दोन्ही गोष्टी एकाच आज्ञेत सांगाव्या लागतात. आणि काम संपताच जोडणी बंद करावी लागते; उघडे राहिलेले दार विसरणे हे घरात जसे अनिष्ट, तसेच संगणकातही.

ह्या लायब्ररीचा संशयी स्वभाव विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. अनोळखी मुद्रेचा सर्व्हर समोर आला, तर ती आपण होऊन जोडणी नाकारते. उतावळ्या प्रोग्रामरला ह्याचा त्रास वाटतो. तो एका ओळीची आज्ञा लिहून तिला सांगतो, ‘जो येईल त्याला ओळखीचा मान.’ काम लगेच चालू लागते आणि त्याला समाधान वाटते. परंतु त्या एका ओळीने पहारेकऱ्याला झोपी घातलेले असते. मध्ये उभ्या राहणाऱ्या लबाडाला जी संधी हवी, ती हीच होय. म्हणून विचारी प्रोग्रामर सर्व्हरची मुद्रा त्याच्या व्यवस्थापकाकडून आधी मागवून घेतो, ती यादीत नोंदवितो, आणि पहारेकऱ्याला जागाच ठेवतो.

कुलूप कितीही बळकट असले, तरी किल्ली दारालाच लटकवून ठेवणाऱ्याचे घर सुरक्षित राहत नाही. सहाशे स्थळांची संख्या चोराला अडवू शकते. मालकाचा आळस तिला अडविता येत नाही. दूरच्या यंत्राशी बोलण्याची विद्या मनुष्याने मोठ्या कष्टाने मिळविली आहे. तिच्याबरोबर सावधपणाही त्याने बाळगला, तरच ती विद्या त्याच्या कामी येईल.

स्वाध्याय

१. टेलनेटला पोस्टकार्डाची उपमा का दिली आहे?
२. मुद्रा तपासण्याची आवश्यकता तुमच्या शब्दांत सांगा.
३. ‘संशयी मित्र’ हे नाव कसे सार्थ आहे ते स्पष्ट करा.
४. १३ आणि २ हेच अंक घेऊन एकाने मनात ३ व दुसऱ्याने ७ हा अंक धरला, तर समाईक किल्ली कोणती येईल ते काढा.
५. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा: वैगुण्य, समाईक, उतावळा, अनिष्ट.