अमिबाचा जनुकसंच वाचला, आव तशीच राहिली

आपल्या आतड्यात राहणाऱ्या एन्टअमिबा हिस्टोलिटिका या एकपेशीय परजीवीचा जनुकसंच फेब्रुवारी २००५मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आला. त्याला वीस वर्षे उलटून गेली, म्हणून हा मागोवा. पण लिहायला बसवले ते दुसऱ्याच गोष्टीने. बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, लॅबच्या दरपत्रकातून शौच तपासणी काढून टाकलेली नुकतीच पाहिली. विचारले, तर म्हणाले, “कुणी लिहूनच देत नाही.” ज्याची उमेदीची वर्षे सूक्ष्मदर्शकापुढे गेली, त्याच्या हे जिव्हारी लागले.

जुना इतिहास थोडक्यात सांगतो. १८७५मध्ये सेंट पीटर्सबर्गला लॉश यांनी आवेच्या रुग्णात हा अमिबा पाहिल्याचे नोंदवले. १९१२मध्ये कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी एमेटीनची इंजेक्शने रूढ केली. साठच्या दशकात मेट्रोनिडाझोल आले आणि पुढची बरीच वर्षे तिथेच थांबली. पोट दुखले की अमिबा, गॅस धरला की अमिबा, आणि गोळी ठरलेली.

मग २००५ आले. ज्या अमिबाचा जनुकसंच वाचला, तो १९६७मध्ये मेक्सिकोतल्या एका रुग्णाकडून घेतलेला. काम मुख्यतः अमेरिकेतल्या टायगर आणि इंग्लंडमधल्या सँगर या संस्थांचे. त्यात दिल्लीच्या जेएनयूमधल्या सुधा भट्टाचार्यही होत्या. सुमारे २ कोटी ४० लाख अक्षरे, ९,९३८ जनुके. २०१०मध्ये पुन्हा जुळणी केली, तेव्हा आकडे आले सुमारे २ कोटी ८ लाख अक्षरे आणि ८,२०१ जनुके. या जीवाने आपले बरेचसे ओझे टाकून दिल्याचे त्यातून दिसले. डीएनएला लागणारी प्युरीनेसुद्धा तो स्वतः बनवत नाही, आपल्याकडून घेतो. टीआरएनएची जनुके मात्र त्याने रांगाच्या रांगा बाळगली आहेत, वाचलेल्या डीएनएच्या जवळपास एक दशांश. या रांगांच्या मधले तुकडे वाणागणिक बदलतात. त्यावरून एका रुग्णाचा अमिबा दुसऱ्याच्या अमिबाहून वेगळा ओळखता येतो. आता लस येईल, असे तेव्हा सभासंमेलनांत ठणकावून सांगितले गेले. ती अजून आलेली नाही.

पुढचे दशक मी बीड जिल्ह्यात काढले, आणि त्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचे आहे. दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जात. मुक्काम फडाजवळच्या कोपीत, पाणी पाटाचे नाहीतर जवळ मिळेल ते, शौचाला उघड्यावर. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की माणसे गावी परतत आणि आठवड्याभरात आमच्या लॅबच्या बाकावर शौचाच्या डब्या येत. २०१२-१३चा दुष्काळ आला, मग २०१४पासूनची ओळीने कोरडी वर्षे. लातूरला पाणी पुरवणारे, केज तालुक्यातल्या धनेगावचे मांजरा धरण आटले. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली, साऱ्या देशाने ती पाहिली. धरण ज्या जिल्ह्यात, तिथल्या वाड्यांवर मात्र टँकरची वाट पाहणे चालू होते. विहिरीत ओतलेल्या पाण्यात टीसीएल पावडर पडे, क्लोरिन पाहणारी ओटी टेस्ट पिवळी येई आणि पाणी शुद्ध असल्याची नोंद होई. पण कवच घेतलेला अमिबा, म्हणजे सिस्ट, तेवढ्या क्लोरिनला दाद देत नाही. तो मरतो पाणी उकळल्यावर. ज्या बाईला भाकरीपुरते सरपण मिळत नव्हते, तिने हंडाभर पाणी उकळायचे तरी कशावर?

आमच्या तपासणीतही एक मोठी उणीव होती. हिस्टोलिटिका आणि निरुपद्रवी डिस्पार यांच्या सिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली अगदी सारख्या दिसतात. या दोन वेगळ्या जाती आहेत, हे १९९३पासून मान्य झालेले. अमिबाच्या पोटात लाल पेशी दिसल्या तरच हिस्टोलिटिका म्हणण्याला आधार मिळे. बाकी अहवालांवरून किती निरोगी माणसांनी औषध खाल्ले, याचा हिशेब कुणी ठेवला नाही. आणि ज्यांना खरेच हिस्टोलिटिका होता, त्यांतले काही लिव्हरला गळू होईपर्यंत थांबले आणि मग त्यांना अंबाजोगाईच्या मोठ्या रुग्णालयात न्यावे लागले. या दोन जाती पीसीआरने नेमक्या वेगळ्या करता येत होत्या. ती सोय तालुक्यापर्यंत आली नाही.

आता तर पाहणेच बंद झाले. ऑफ्लोक्सासिन-ऑर्निडाझोलची जोडगोळी चिठ्ठीवर येते. जिवाणू असो, अमिबा असो की विषाणू, उत्तर एकच. अशा अंदाजी उपचारात रुग्ण कधी बराही होतो. पण रोग कोणत्या पाण्यातून आला, हे कळायची वाट त्यातून बुजते, आणि पाणी देणारा कायमचा सुटतो.

कोविडमध्ये पीसीआरची यंत्रे मराठवाड्यातही आली. पट्टा पडून परतणाऱ्या टोळ्यांचे नमुने त्यांवर तपासायला हवेत. अमिबा कारखान्याच्या तळावरून आला की गावच्या टँकरमधून, याचा माग, दोन्हीकडच्या पाण्याचे नमुनेही घेतले तर, टीआरएनएच्या त्या रांगांमधल्या तुकड्यांवरून काढता येईल. मग तळाच्या पाण्याची जबाबदारी साखर कारखान्यावर आणि गावच्या पाण्याची सरकारवर पुराव्यानिशी टाकता येईल. मेक्सिकोतल्या एका रुग्णाच्या अमिबाचे अक्षर न् अक्षर जगाने वाचले. बीडच्या ऊसतोड मजुराच्या शौचाचा एक नमुना तरी आपण नीट तपासला पाहिजे.