हायब्रिडला प्लग नसतो

"हायब्रिड घ्यायची फार इच्छा आहे हो, पण आमच्या सोसायटीत चार्जिंग पॉइंट नाही." हे वाक्य मी लग्नाच्या पंगतीत ऐकलंय आणि शोरूममध्ये चेकबुक घेऊन बसलेल्या माणसाच्या तोंडूनही ऐकलंय. त्याच गैरसमजाचं दुसरं टोक म्हणजे, "रात्री घरी प्लगला लावायची, सकाळी फुल्ल. मग पेट्रोल लागतंच कशाला?" पहिला माणूस चांगली गाडी विनाकारण नाकारतो. दुसरा ती चुकीच्या आशेवर विकत घेतो, आणि महिन्याभरात फसवल्यासारखं वाटून विकणाऱ्याशी भांडायला जातो. माहिती दोघांचीही चुकलेली असते आणि खिशाला दोघांच्याही चाट बसते, म्हणून हा विषय एकदा नीट मांडायलाच हवा.

मारुतीची ग्रँड विटारा, टोयोटाची हायरायडर आणि इनोव्हा हायक्रॉस, होंडाची सिटी ई:एचईव्ही या आपल्या रस्त्यावर सर्रास दिसणाऱ्या स्ट्राँग हायब्रिड गाड्या आहेत. यांपैकी एकाही गाडीला बाहेरून वीज घ्यायची सोय नाही. सॉकेट नाही, केबल नाही, डिकीत गुंडाळून ठेवलेला चार्जर नाही. बाहेरून भरायचं ते फक्त पेट्रोल. पार्किंगमध्ये चार्जिंग पॉइंट असला काय आणि नसला काय, या गाड्यांना काहीच फरक पडत नाही. सोसायटीच्या कमिटीपुढे अर्ज करायची गरज नाही, मीटरवरून वाद घालायची गरज नाही.

मग बॅटरी चार्ज कशी होते? टोयोटाच्या पद्धतीत दोन मोटर-जनरेटर असतात. मोठी मोटर चाकं फिरवते, आणि तुम्ही ब्रेकवर पाय ठेवला की तीच जनरेटर होऊन चाकांचा वेग विजेत बदलते. साध्या गाडीत हीच ऊर्जा ब्रेक पॅड तापवण्यात वाया जाते. दुसरी, लहान मोटर इंजिनला जोडलेली असते. इंजिन चालू असताना ती वीज बनवते, आणि बंद इंजिन सुरू करायचं कामही तीच करते. कुठल्या क्षणी कुठून किती वीज घ्यायची, हे गाडीचा संगणक ठरवतो. डॅशबोर्डच्या पडद्यावर इंजिन, बॅटरी आणि चाकं यांच्यामध्ये जे बाण सतत उलटसुलट पळत असतात, ते हेच. सिग्नलला थांबत-थांबत जाणाऱ्या रस्त्यावर पाच मिनिटं ते बाण बघा. ही बॅटरी मिनिटामिनिटाला भरते आणि रिकामी होते.

गैरसमजाचं मूळ इथेच आहे. लोक या बॅटरीला इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीसारखी ऊर्जेची टाकी समजतात. प्रत्यक्षात ती दुकानाच्या गल्ल्यातल्या सुट्ट्या पैशांसारखी आहे. दिवसभर येणार आणि जाणार. रात्री गल्ला सुट्ट्यांनी भरून ठेवला म्हणून दुकानाची कमाई वाढत नाही.

आता आकडे पाहू, कारण नुसतं सांगून कोणाला पटत नाही. ग्रँड विटारा आणि हायरायडरच्या हायब्रिड आवृत्तीत 177.6 व्होल्टची लिथियम-आयन बॅटरी आहे आणि तिची क्षमता सुमारे 0.76 किलोवॉट-तास. वीजबिलाच्या भाषेत पाऊण युनिट. पण ही पाऊण युनिटही पूर्ण वापरली जात नाही. बॅटरी टिकावी म्हणून टोयोटाने प्रियस या आपल्या हायब्रिड गाडीच्या काळापासून चार्ज साधारण 40 ते 80 टक्क्यांच्या पट्ट्यातच खेळता ठेवला आहे. म्हणजे खरोखर वापरायला मिळते ती साधारण 0.3 युनिट. या आकाराची गाडी एका युनिटमध्ये शहरात सहा-सात किलोमीटर जाते असं धरलं, तर 0.3 युनिटमध्ये दोन किलोमीटर. शिवाय रात्री गाडी लावताना बॅटरी सहसा तळाला गेलेली नसते, पट्ट्याच्या मधेच कुठेतरी असते. तेव्हा समजा गाडीला सॉकेट असतं आणि तुम्ही रात्रभर ती प्लगला लावली असती, तरी सकाळी पदरात पडलं असतं जेमतेम एक किलोमीटर. त्या अंतराला लागणारं पेट्रोल पन्नास मिलिलिटरच्या आसपास, म्हणजे पाचेक रुपयांचं. त्यातून विजेचा खर्च वजा करायचा तो वेगळाच. एवढ्यासाठी कंपनीने गाडीत चार्जर, सॉकेट आणि जाड केबल बसवून किंमत आणि वजन का वाढवावं?

बॅटरी किती लहान आहे हे घाटात फार छान कळतं. पाचगणीहून पसरणी घाटाने वाईला उतरताना गाडी साडेपाचशे मीटरच्या वर खाली येते. चार माणसं बसलेली सोळाशे किलोची गाडी एवढी खाली आणायची, तर तिच्यात साठलेली उंचीची ऊर्जा होते जवळजवळ अडीच युनिट. टायरचं घर्षण, हवेचा रोध आणि वीज बनवतानाची गळती वजा केली तरी उरलेली ऊर्जा त्या 0.3 युनिटच्या जागेत मावणं शक्यच नाही. घाट निम्मा उतरायच्या आत पडद्यावर बॅटरी पूर्ण भरलेली दिसते आणि एकाएकी इंजिनचा आवाज चढतो. नवे मालक इथे घाबरतात. गाडीने काही चूक केलेली नसते. वीज ठेवायला जागा उरली नाही, म्हणून संगणक पेट्रोल न जाळता नुसतं इंजिन फिरवून गाडीला रोखत असतो. म्हणजे फुकट मिळणारी ऊर्जाही जी बॅटरी ठेवून घेऊ शकत नाही, तिला घरच्या प्लगची वीज देऊन काय साधणार?

आता दोष सगळा ग्राहकांचा नाही, हेही मला ठासून सांगायचं आहे. आपल्याकडे 'हायब्रिड' हे एकच लेबल तीन अगदी वेगळ्या गाड्यांना चिकटवलं गेलं. एर्टिगा, सियाझसारख्या गाड्यांना 'स्मार्ट हायब्रिड' म्हटलं गेलं. त्यांतली छोटी मोटर इंजिनला थोडा हातभार लावते, नुसत्या विजेवर गाडी पळवत नाही. दुसरा प्रकार स्ट्राँग हायब्रिडचा, ज्याबद्दल हा लेख आहे. तिसरा प्लग-इन हायब्रिडचा, आणि हीच एक जात खरोखर भिंतीतल्या सॉकेटला लावायची असते. चीनच्या बीवायडीने 2008 च्या डिसेंबरमध्ये तशी गाडी बाजारात आणली, अमेरिकेत शेवरोले व्होल्ट 2010 च्या डिसेंबरमध्ये आली. प्रियसच्या 2023 च्या प्लग-इन आवृत्तीत 13.6 युनिटची बॅटरी आहे, म्हणजे ग्रँड विटाराच्या सुमारे अठरा पट, आणि ती नुसत्या विजेवर सत्तरेक किलोमीटर जाते. तिथे रोज रात्री प्लग लावण्याला पुरेपूर अर्थ आहे. पण भारतात असल्या गाड्या बीएमडब्ल्यू एक्सएमसारख्या कोटींच्या घरातल्या. परदेशातल्या भाच्याने व्हिडिओ कॉलवर त्याची हायब्रिड चार्जिंगला लावलेली दाखवली, तर ती या तिसऱ्या जातीची आहे, आणि तुम्ही इथे बुक करताय ती दुसऱ्या जातीची.

जाहिरातींनीही घोळ वाढवला. 'सेल्फ-चार्जिंग', म्हणजे स्वतःच चार्ज होणारी, हा शब्द ऐकला की वीज कुठून तरी फुकट येते असं वाटतं. नॉर्वेच्या ग्राहक प्राधिकरणाने 2020 साली लेक्ससच्या अशाच जाहिरातींना मनाई केली. या गाडीतली वीज शेवटी पेट्रोल जाळूनच तयार होते, ती फुकट असल्याचा भास निर्माण करणं दिशाभूल आहे, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते शंभर टक्के बरोबर आहे. ब्रेक लावताना परत मिळते ती ऊर्जासुद्धा मुळात पेट्रोलनेच गाडीला दिलेली असते. हायब्रिडची करामत फुकट विजेत नाही, उधळपट्टी थांबवण्यात आहे. इंजिन जिथे कमी पेट्रोलमध्ये जास्त काम करतं तिथेच त्याला चालवायचं, जिथे ते वाईट चालतं तिथे बंद ठेवायचं, आणि ब्रेकमध्ये वाया जाणारं शक्य तेवढं परत मिळवायचं. ग्रँड विटारा हायब्रिडचा लिटरला 27.97 किलोमीटरचा प्रमाणित आकडा यातून येतो.

इथपर्यंतचा गैरसमज फार तर पैशाचं नुकसान करतो. त्याचं पुढचं रूप मात्र जिवावर बेतू शकतं: "आमचा एक इलेक्ट्रिशियन आहे, तो बसवून देतो सॉकेट." कृपा करून या वाटेला जाऊ नका. गाडी बंद केली की बॅटरीच्या पेटीतले मुख्य रिले उघडतात आणि बॅटरी बाकीच्या गाडीपासून तुटते. बॅटरीपासून निघणाऱ्या जाड नारिंगी केबल्सना बाहेरून वीज जोडली तरी ती बॅटरीपर्यंत पोचत नाही. पोचवायची तर पेटीच उघडावी लागते. वाहनांच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय नियमांत, यूएन आर100 मध्ये, 60 व्होल्टच्या वरचा डीसी 'उच्च दाब' मानला आहे. इथे तो 177 किंवा 201 व्होल्ट आहे. पुढे मोटरसाठी तो आणखी चढवला जातो, तिसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये 650 व्होल्टपर्यंत. प्रशिक्षित मेकॅनिकही आधी 1000 व्होल्टचे रबरी हातमोजे घालतो, बॅटरीचं सर्किट तोडणारा सर्व्हिस प्लग काढून स्वतःच्या खिशात ठेवतो, म्हणजे दुसरं कोणी चुकून तो परत बसवणार नाही. मग कपॅसिटर रिकामे व्हावेत म्हणून किमान दहा मिनिटं थांबतो, आणि मीटरवर शून्य पाहिल्याशिवाय कशालाही हात लावत नाही. शिवाय लिथियमच्या सेलला प्रमाणाबाहेर चार्ज केलं तर आग लागू शकते. गाडीचा संगणक प्रत्येक सेलवर नजर ठेवतो. बाजारातून आणलेला चार्जर ठेवत नाही.

"पण अमेरिकेत लोकांनी प्रियसला प्लग बसवलाच होता ना?" बसवला होता, आणि त्या लोकांबद्दल मला आदर आहे. फेलिक्स क्रेमर आणि रॉन ग्रेम्बान यांच्या कॅलकार्स गटाने 2004 साली कॅलिफोर्नियात एका प्रियसचं प्लग-इनमध्ये रूपांतर केलं. पण त्यांनी नुसतं सॉकेट लावलं नव्हतं. डिकीत वेगळ्या, जास्तीच्या बॅटऱ्या बसवल्या होत्या, कारण मूळ बॅटरीत काही ठेवण्याजोगी जागाच नाही हे ते पक्कं ओळखून होते. पुढे सुमारे पाच युनिटच्या बॅटरीचे तयार संच दहा हजार डॉलरच्या आसपास मिळू लागले. प्लग-इनमध्ये रूपांतर केलेली एक प्रियस 2008 मध्ये साउथ कॅरोलायनात चालता-चालता पेटली. तपासात निघालं की सेल नव्हे, विजेचे नीट न बसवलेले सांधे तापले होते. एक बोल्ट नीट आवळला गेला नाही तर काय होतं, याचा हा पुरावा आहे.

उच्च दाबाची बॅटरी बाहेरून चार्ज होतच नाही, असंही नाही. ती पूर्ण उतरली तर गाडी सुरूच होत नाही, कारण टोयोटाच्या हायब्रिडमध्ये नेहमीचा स्टार्टर नसतो. इंजिन फिरवणारी मोटर याच बॅटरीवर चालते. अशा वेळेसाठी कंपनीने कार्यशाळांकरता खास चार्जर केलेला आहे, आणि तो जोडताना वर सांगितलेली सगळी खबरदारी घेतली जाते. ही दुरुस्ती आहे, रोजचं चार्जिंग नाही.

बाकीचे गैरसमज लहान आहेत.

"जम्पर केबल लावली की हायब्रिड बॅटरी चार्ज होते." नाही. जम्पर लागते ती गाडीतल्या 12 व्होल्टच्या साध्या बॅटरीला. ती संगणक जागा करते आणि रिले जोडते, बस. "हायब्रिड अचानक बंद पडली" म्हणून येणाऱ्या तक्रारींत आधी तपासायची ती हीच छोटी बॅटरी.

"जपानी हायब्रिडमध्ये सॉकेट असतं, मी पाहिलंय." असतं, पण ते वीज बाहेर देण्यासाठी. 1500 वॉटपर्यंतची उपकरणं त्यावर चालतात, आणि भूकंपाच्या देशात त्याचं मोल मोठं आहे.

"ट्रॅफिकमध्ये न्यूट्रलला ठेवली की बॅटरी वाचते." उलट आहे. टोयोटाचं मालकांसाठीचं पुस्तक स्पष्ट सांगतं की एन वर असताना हायब्रिड बॅटरी चार्ज होत नाही. डी वर ठेवून ब्रेक दाबा.

"तीन-चार वर्षांत बॅटरी बदलावी लागते." टोयोटा हायब्रिड बॅटरीवर 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटरची वॉरंटी देते. बॅटरी थंड ठेवणाऱ्या हवेची जाळी मात्र मोकळी ठेवा. प्रियसमध्ये ती मागच्या सीटच्या कडेला असते, आणि नेमकी तिथेच लोक उशा आणि पिशव्या कोंबतात.

"नुसती उभी गाडी बिघडत नाही, बॅटरीला काय होतंय?" मुलाकडे अमेरिकेत चार-सहा महिने जाणाऱ्या आई-वडिलांनी हे जरूर वाचावं. उभ्या गाडीची हायब्रिड बॅटरी हळूहळू उतरत राहते, आणि घरचा कुठलाही प्लग तिला वाचवू शकत नाही. कंपनीचा सल्ला असा की दर काही महिन्यांनी गाडी किमान 30 मिनिटं किंवा 16 किलोमीटर चालवावी. किल्ली शेजाऱ्यांकडे द्या, टाकीत पेट्रोल ठेवून जा, आणि परत आल्यावर गाडी सुरू झालीच नाही तर बोनेट उघडून खटपट न करता सर्व्हिस सेंटरला फोन करा.