भूकंपानंतरचं किल्लारी: ऐकीव आणि खरं

30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून गावं उशिरा झोपली होती. लातूर जिल्ह्यातलं किल्लारी, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातलं सास्तूर आणि आसपासची गावं बघता बघता जमीनदोस्त झाली. सरकारी नोंदीप्रमाणे 7,928 माणसं दगावली, 16 हजारांच्या आसपास जखमी झाली. एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. पुढची चार-पाच वर्षं तिथली माणसं कशी राहिली, याबद्दल मात्र ऐकीव गोष्टीच फार. त्यातल्या काहींची किंमत भूकंपग्रस्तांनाच मोजावी लागली.

‘भूकंपच एवढा मोठा होता, कोण काय करणार?’

धक्का साधारण 6.2 तीव्रतेचा होता. एवढे किंवा याहून मोठे भूकंप जगात दरवर्षी शंभराच्या घरात होतात आणि त्यातल्या बहुतेकांची बातमीही होत नाही. इथे केंद्र जमिनीखाली फार खोल नव्हतं, वेळ साखरझोपेची होती आणि डोक्यावर कित्येक टन माती होती. त्या काळच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखवलेला. 1992 साली किल्लारीला लहान धक्के बसले होते, लोक घाबरलेही होते. पण भूकंप सोसेल असं घर बांधायचा विचार मराठवाड्यात कोण करणार?

‘दगडानं माणसं मारली’

हा सगळ्यांत पक्का बसलेला समज. त्याचं नुकसानही सगळ्यांत जास्त.

जुनं घर कसं होतं ते पाहू. भिंती अडीच-तीन फूट जाडीच्या, पण अखंड नव्हेत. आतून एक थर, बाहेरून एक थर, मध्ये दगडगोट्यांची आणि मातीची भर. दोन्ही थरांना बांधणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड बहुतेक ठिकाणी घातलेलाच नव्हता. चुन्याऐवजी माती. वर माळवद, म्हणजे तुळया, फळ्या आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. गळती लागली की आणखी माती टाकायची, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं. जमीन हलली तेव्हा भिंतीचे दोन थर एकमेकांपासून सुटले आणि ढासळले. बऱ्याच घरांत लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा जागच्या जागी उभा राहिला, माणसं मात्र भिंतींखाली गेली. ज्यांचे वाडे मोठे, त्यांच्यावर जास्त ओझं कोसळलं. गावाच्या कडेला कुडाच्या, गवती छपराच्या झोपडीत राहणारा माणूस अंगावरची माती झटकून बाहेर आला.

म्हणजे घात झाला तो बांधकामाच्या पद्धतीनं आणि छपराच्या वजनानं. पण लोकांच्या मनात दगडच बदनाम झाला. मराठवाड्यात पायाखाली फुकट मिळणारा हा माल नंतर कुणी हाताळायला धजेना. गवंड्यांची जुनी कला मागे पडली. आणि ‘स्लॅब टाकला की घर सुरक्षित’ असा नवा समज रुजला. हा तर जास्त घातक. सळ्या कमी, सिमेंट पातळ, खांब-तुळईच्या जोडावर दुर्लक्ष आणि वर जड स्लॅब, असं घर जुन्या वाड्याइतकंच जीवघेणं. 2001 साली भूजच्या भूकंपात अहमदाबादेतल्या नव्याकोऱ्या इमारतीही पडल्या होत्या.

‘पक्कं घर मिळालं, प्रश्न मिटला’

जागतिक बँकेच्या मदतीनं राज्य सरकारनं मोठा पुनर्वसन कार्यक्रम हाती घेतला. सर्वाधिक पडझड झालेली 52 गावं नव्या जागी वसवली. तोवर लोक पत्र्याच्या शेडमध्ये होते. उन्हाळ्यात भाजणाऱ्या, पावसात कानठळ्या बसवणाऱ्या. कामाचा आवाका पाहता सरकारनं कमी काम केलं असं म्हणता येणार नाही. पण घर म्हणजे चार भिंती आणि छप्पर, या हिशेबात शेतकऱ्याचं घर बसत नाही.

घरं सगळ्यांना सारखी मिळाली, असंही समजलं जातं. तसं नव्हतं. क्षेत्रफळ जमिनीवर ठरलं: भूमिहीनाला 250 चौरस फूट, मधल्या शेतकऱ्याला 400, मोठ्या जमीनदाराला 750. ज्याचं जेवढं रान तेवढं घर. आकाराप्रमाणे गल्ल्या पडल्या की भाऊबंद, शेजारपाजार, सुनेला हाक मारता येईल एवढ्या अंतरावरची चुलती, हे सगळं विखुरणारच. जुन्या गावठाणात घरं एकमेकांना चिकटून होती. नव्या गावात सरळ रुंद रस्ते आणि मोकळे प्लॉट, त्यामुळे गाव जुन्याच्या कैक पट पसरलं. पाण्याची लाइन लांबली, दिव्याचे खांब वाढले, म्हाताऱ्यांना मारुतीच्या देवळापर्यंत जाणंही लांब वाटायला लागलं.

बैल कुठं बांधायचे? कडब्याची गंज कुठं रचायची? ज्वारीची पोती, पेरणीचं बी, नांगर, कुळव कुठं ठेवायचा? याला नकाशात जागा नव्हती. लोकांनी आपल्या परीनं उत्तर काढलं. घरासमोर पत्रा ठोकून गोठा केला, संडासात सरपण आणि शेणी रचल्या, ओसरीची सवय असलेल्या बायकांनी बाहेरच चूल मांडली. पाहणीला येणारे साहेब ‘लोकांना संडास वापरता येत नाहीत’ म्हणत. पाण्याचा एक हंडा आणायला किती चालावं लागतं, हे त्यांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं.

याच कार्यक्रमाची दुसरी बाजू कमी बोलली जाते. तेरा जिल्ह्यांत जवळपास 2 लाख तडकलेली घरं पाडून टाकण्याऐवजी मालकांच्या हातूनच दुरुस्त झाली. पैसे टप्प्याटप्प्यानं घरमालकाला मिळाले. गावोगाव महिला मंडळांतून ‘संवाद सहायक’ म्हणून बायका नेमल्या गेल्या. आरपार दगड कुठं बसवायचा, माळवदावरची माती का उतरवायची, हे त्या घरोघर सांगत. बांधकाम हे पुरुषांचं काम, अशी समजूत असलेल्या भागात हे घडलं. माझ्या मते पुनर्वसनातला सर्वांत टिकाऊ धडा हाच, आणि फोटो मात्र नव्या वसाहतींचे निघाले.

‘प्रेतं लवकर उचलली नाहीत तर साथ पसरते’

किल्लारीत पावसात, लाकूडफाटा जमेल तसा गोळा करून सामुदायिक चिता पेटवाव्या लागल्या. त्या धांदलीमागे ही भीतीही होती. मुळात दुखापतीनं मेलेल्या माणसाचा देह साथ पसरवत नाही. साथ येते ती जिवंत माणसांच्या गर्दीत, दूषित पाणी आणि उघड्यावरच्या विष्ठेतून. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा, की घाईनं सामुदायिक अंत्यविधी करू नयेत. आधी ओळख पटवावी, नोंद करावी. ओळख न पटता माणूस चितेवर गेला की मृत्यूचा दाखला अडतो, दाखल्यावाचून भरपाई अडते, सातबाऱ्यावरची वारसनोंदही अडते. पुढे विधवेच्या वाट्याला येते ती कचेरीची पायपीट.

‘लोक हातपाय गाळून बसतात, बाहेरून माणसं आली की सुटका होते’

लष्कर आणि स्वयंसेवी संस्थांनी मोठं काम केलं, यात शंका नाही. पण ढिगाऱ्यातून जी माणसं जिवंत निघतात, ती मुख्यतः पहिल्या काही तासांतच आणि ती काढतात शेजारीच. जगभर हाच अनुभव आहे.

‘जुने कपडे पाठवले तरी मदतच’

2004च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर जुन्या कपड्यांचे ढीग पडून होते, ते उचलून कामी लावायला ‘गूंज’ संस्थेला वेगळी मोहीम काढावी लागली. उतरवणं, निवडणं, साठवणं यात मनुष्यबळ जातं. पैसे किंवा तिथून मागितलेली वस्तू पाठवावी.

‘पुन्हा येणार नाही’ आणि ‘अमुक तारखेला येणार’

दोन्ही खोटं. भूकंपाची तारीख सांगण्याचं शास्त्र आजवर कुणाकडे नाही. मोबाइलवर तारीख आली तर ती पुढे पाठवू नका. आणि हा भाग कायमचा शांतही झालेला नाही. 2022 साली निलंगा तालुक्यातल्या हासोरीला सौम्य धक्के बसले आणि लोक पुन्हा अंगणात झोपू लागले.

तारीख कळत नसली तरी घर आपल्या हातात आहे. मराठवाड्यात तुमचं जुनं माळवद अजून उभं असेल, तर नवा थर टाकण्याआधी जुनी माती उतरवा आणि भिंतीत आरपार दगड बसवून घ्या. नवं बांधत असाल, तर दारा-खिडक्यांच्या वरून चारी भिंतींना सलग फिरणारा काँक्रीटचा पट्टा आहे का, ते पैसे देण्याआधी स्वतः जाऊन बघा.