पाठीमागची भिंत

एखाद्या माणसावर मासिकात मोठा लेख यायचा असतो, तेव्हा लिहिणाऱ्याला त्याचं बालपण, त्याची भांडणं, त्याचे फसलेले निर्णय यांसाठी पानंच्या पानं मिळतात. फोटोग्राफरला मिळतं एक पान, फार तर समोरासमोरची दोन. तेवढ्यात त्याला तो माणूस उभा करायचा असतो, आणि तोही बहुधा त्याच्या घरी, कारखान्यात, प्रयोगशाळेत किंवा शेतावर जाऊन, कारण अशा माणसांना स्टुडिओत यायला सवड नसते. या कामाला व्यवसायात लोकेशन पोर्ट्रेट म्हणतात. हा म्हणजे चेहऱ्याचाच फोटो, फक्त बाहेर जाऊन काढलेला, असा समज सर्रास आढळतो आणि तो मला मुळातच चुकीचा वाटतो. या प्रकारात माणसामागची जागा त्याच्याविषयी साक्ष देत असते. कुठलीही साक्ष जशी तपासून, गाळून, उलटतपासणी करून घ्यावी लागते, तशीच हीही घ्यावी लागते. फोटोग्राफरचं खरं कसब या तपासणीत आहे.

नुसतं जागेवर गेल्याने काम भागत नाही. यूसुफ कार्श यांनी 30 डिसेंबर 1941 रोजी विन्स्टन चर्चिल यांचा जो जगप्रसिद्ध फोटो काढला तो ओटावाच्या संसदभवनात, सभापतींच्या दालनात. दिवे त्यांनी तिथे आधीच लावून ठेवले होते. चर्चिल यांच्या तोंडातली सिगार कार्श यांनी पुढे होऊन काढून घेतली आणि त्या क्षणाची नाराजी फोटोत उतरली, हे सर्वश्रुत आहे. पण संसदभवन त्यात जवळजवळ नाहीच. मागची लाकडी भिंत अंधारात बुडाली आहे, आणि हाच फोटो दुसऱ्या एखाद्या शहरातल्या काळोख्या खोलीत निघाला असता तरी फारसा फरक पडला नसता. कार्श यांना जागा नको होती, त्यांना चेहरा हवा होता. तो त्यांनी अप्रतिम मिळवला, पण ते काम वेगळं.

जागेलाच बोलतं करण्याचं काम ज्यांच्या नावाशी सर्वाधिक जोडलं गेलं ते अर्नोल्ड न्यूमन. 1918 साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या न्यूमन यांना व्हायचं होतं चित्रकार. मायामी विद्यापीठातलं कलाशिक्षण दोन वर्षांत पैशाअभावी सुटलं आणि 1938 मध्ये ते फिलाडेल्फियात एका स्वस्त स्टुडिओत नोकरीला लागले. तिथे 49 सेंटात पोर्ट्रेट मिळे. गिऱ्हाईक यायचं, ठरलेल्या खुर्चीत ठरलेल्या उजेडात बसायचं आणि उठून जायचं. अशा ठिकाणी माणसं पटापट ओळखायला आणि बोलती करायला शिकता येतं. पण माणूस बदलला तरी मागचा पडदा तोच राहतो, हेही तिथेच दिवसभर डोळ्यांसमोर असतं. न्यूमन यांनी नंतर केलेल्या कामाकडे या नोकरीला दिलेलं उत्तर म्हणून पाहायला हवं, असं मला वाटतं. पुढे ते न्यूयॉर्कच्या चित्रकारांच्या स्टुडिओंत जाऊ लागले. 1942 मध्ये त्यांनी पीट मोंड्रियान यांचा फोटो काढला. त्यात ईझलच्या उभ्याआडव्या पट्ट्या आणि भिंतीवरचे चौकोन असे जुळून आले आहेत की मोंड्रियान आपल्याच चित्रात उभे असल्यासारखे दिसतात. 1945 मध्ये फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयात कलावंतांच्या या व्यक्तिचित्रांचं प्रदर्शन झालं, आणि त्यानंतर ‘लाइफ’, ‘फॉर्च्यून’, ‘हॉलिडे’ अशा मासिकांची आणि साप्ताहिकांची कामं त्यांच्याकडे येत राहिली.

त्यांचा सर्वांत गाजलेला फोटो माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाणारा वाटेल. 1946 मध्ये ‘हार्पर्स बझार’साठी त्यांनी संगीतकार इगोर स्ट्राविन्स्की यांचा फोटो काढला. स्ट्राविन्स्की तेव्हा लॉस एंजेलिसला राहत. फोटो निघाला न्यूयॉर्कमध्ये, दुसऱ्याच कुणाच्या घरात, आणि त्यातला भलामोठा पियानोही त्यांचा स्वतःचा नव्हे. मग ही जागा त्यांच्याविषयी काय सांगणार? फोटो नीट पाहिला की उत्तर सापडतं. पियानोचं उघडं, काळं, टोकदार झाकण चौकटीचा बहुतेक भाग व्यापून उभं आहे. मागची भिंत कोरी, दोन फिक्या छटांची. खाली डाव्या कोपऱ्यात, हातावर डोकं टेकवलेले स्ट्राविन्स्की. मूळ निगेटिव्हवर याहून बरंच काही होतं. न्यूमन यांनी ते निर्दयपणे कापून आडवा, लांबट तुकडा तेवढा ठेवला. घरातलं फर्निचर, भिंतीच्या कडा, पियानोचा बाकीचा भाग, ज्या ज्या गोष्टी त्या घराविषयी बोलत होत्या आणि संगीतकाराविषयी गप्प होत्या, त्या सगळ्या गेल्या. उरला तो काळ्यापांढऱ्याचा कडक, कोनदार आकार, आणि त्यांच्या संगीताशी नातं त्या आकाराचं आहे. साक्षीदार घरचाच असला पाहिजे असं नाही, त्याला त्या माणसाबद्दल काही ठाऊक असलं पाहिजे. ‘हार्पर्स बझार’ने हा फोटो नाकारला. कला-संपादक होते अॅलेक्सी ब्रोडोविच, म्हणजे ज्यांच्या नजरेवर त्या काळातल्या कितीतरी फोटोग्राफरांची जडणघडण झाली असे जाणकार. त्यांनाही हा फोटो चालला नाही, यावरून एवढं तरी दिसतं की माणसाला कोपऱ्यात बसवून वस्तूला मध्यभागी आणणं तेव्हा किती धाडसाचं होतं.

असाच एक फोटो आपल्याकडे, पुण्यात निघाला. 1946 मध्येच मार्गारेट बर्क-व्हाइट ‘लाइफ’साठी गांधींचा फोटो काढायला आल्या. गांधींच्या सचिवांनी त्यांना आधी चरख्यावर सूत कातायला शिकायला लावलं. खोली अंधारी, मागच्या खिडकीतून समोर येणारा प्रखर उजेड, आणि परवानगी फ्लॅशच्या फक्त तीन बल्बची. पहिले दोन वाया गेले आणि तिसऱ्यावर फोटो मिळाला, असं त्यांनीच पुढे लिहून ठेवलं आहे. सूत कातायला लावणं हा परदेशी पाहुणीला दिलेला त्रास होता, असं कुणी म्हणेल. मला ती या पेशातली सर्वांत शहाणी अट वाटते. ज्या वस्तूला फोटोत बोलायला लावायचं, ती हाताखालून गेलेली असावी. त्या फोटोत चरखा अगदी पुढे, मोठा, जवळजवळ अर्धी चौकट अडवून आहे आणि गांधी त्यामागे बसून कात्रणं वाचत आहेत. ते सूत कातत नाहीत, हे महत्त्वाचं. कातताना काढला असता तर तो प्रात्यक्षिकाचा फोटो झाला असता. इथे चरखा थांबलेला आहे, वाचन संपलं की पुन्हा फिरेल असा, म्हणजे रोजच्या दिनक्रमातला. गांधींना आपल्या प्रतिमेचं मोल ठाऊक होतं आणि ही मांडणी दोन्ही बाजूंनी जाणूनबुजून झाली होती, असा आक्षेप घेता येईल. तो खरा आहे, पण त्याने फोटो खोटा ठरत नाही. पोर्ट्रेट दोघांच्या संमतीनेच होतं, आणि आपल्याविषयी कोणत्या वस्तूने बोलावं हे माणसाने स्वतः ठरवणं हीसुद्धा त्याची एक ओळखच.

यापेक्षा गंभीर आक्षेप असा की जागा माणसाला नमुना करून टाकते. याचा पुरावा मुंबईइतका जुना दुसरीकडे क्वचित सापडेल. विल्यम जॉन्सन यांनी मुंबईतल्या जातीजमातींचं छायाचित्रांचं पुस्तक 1863 आणि 1866 मध्ये दोन खंडांत काढलं. त्यात माणसांचे गट एकीकडे टिपलेले आणि मागचं दृश्य दुसरीकडचं, असे फोटो जोडून केलेले आहेत. पाहणाऱ्याला वाटतं, माणसं आपापल्या ठिकाणी उभी आहेत. प्रत्यक्षात ती तिथे कधी उभीच नव्हती. नाव नाही, आहे ते फक्त जातीचं वा धंद्याचं लेबल. खोटी साक्ष म्हणतात ती ही. आजच्या मासिकांतही तिची सौम्य रूपं आहेत: डॉक्टरच्या गळ्यात स्टेथोस्कोप, शास्त्रज्ञाच्या चेहऱ्यावर चंबूतल्या द्रवाचा निळा उजेड, आणि आपल्या दिवाळी अंकांत पुस्तकांच्या कपाटापुढे बसलेला लेखक. कपाट एवढंच सांगतं की हा लेखक आहे, आणि ते तर मथळ्यातच आलेलं असतं. तो लेखक कागद कसे ठेवतो, उभ्याने लिहितो की पाटावर, स्वयंपाकघराच्या टेबलावरची कुठली कड त्याने स्वतःसाठी अडवली आहे, हे कपाट सांगत नाही. म्हणून या आक्षेपाला जागा टाळणं हे उत्तर होत नाही, जागा अधिक बारकाईने पाहणं हे होतं. जर्मनीत आउगुस्ट झांडर यांनी 1928 साली कोलोनमधल्या एका मिठाईवाल्याला त्याच्याच स्वयंपाकघरात, हातात भांडं घेऊन उभं केलं. फोटोची ओळख धंद्याच्या नावानेच होते, तरी त्या माणसाचा नमुना होत नाही, कारण तो भांडं ज्या ऐटीत धरून उभा आहे ती ऐट कुणी त्याला नेसवलेली नाही.

जागा पूर्ण पुसून टाकावी असं मानणारेही थोर फोटोग्राफर झाले. अर्विंग पेन यांनी 1950-51 मध्ये पॅरिस, लंडन आणि न्यूयॉर्कमधल्या कष्टकऱ्यांना स्टुडिओत साध्या पडद्यापुढे उभं केलं. रिचर्ड अॅवडन यांनी 1979 ते 1984 या काळात अमेरिकेच्या पश्चिम भागात फिरून खाणकामगार, कसाईखान्यातले मजूर, भटके यांचे फोटो उघड्यावर टांगलेल्या पांढऱ्या कागदापुढे काढले. त्यांचं म्हणणं साधं आहे: मागचं सगळं काढून घ्या, म्हणजे माणूस उरेल. मला हे फोटो आवडतात, पण त्यांतून हे म्हणणं सिद्ध होत नाही. पेन यांच्याकडे माणसं आपली अवजारं घेऊन, कामाच्या कपड्यांत आली. अॅवडन यांच्या खाणकामगारांच्या अंगावर कोळशाची काजळी आहे, कसाईखान्यातल्या माणसाच्या कपड्यांवर रक्त आहे, आणि प्रत्येक फोटोच्या नावात माणसाचं नाव, व्यवसाय, गाव आणि तारीख लिहिलेली आहे. भिंत गेली, पण कामाची जागा कपड्यांना चिकटून आणि मथळ्यात बसून परत आली. मराठी वाचकाला इथे गौतम राजाध्यक्ष आठवतील. त्यांच्या ‘चेहरे’ या छायाचित्रांच्या पुस्तकात नावाप्रमाणे चेहरेच आहेत आणि जागा नसल्याची उणीव भासत नाही. याचं कारण मला त्यांच्या विषयांत दिसतं. नटनट्यांचा चेहरा हीच त्यांची कामाची जागा, मग आणखी कुठे जायचं? पुलांचा हिशेब करणाऱ्या अभियंत्याचं किंवा सूतगिरणी चालवणाऱ्या बाईचं तसं नसतं.

सर्वांत अवघड प्रश्न न्यायाचा. 1963 मध्ये ‘न्यूजवीक’साठी न्यूमन यांनी एसेनला जाऊन उद्योगपती आल्फ्रीड क्रुप यांचा फोटो काढला. न्यूमन स्वतः ज्यू. क्रुप यांना 1948 मध्ये न्यूरेंबर्गला, युद्धकाळात गुलाम मजूर राबवल्याबद्दल आणि व्यापलेल्या देशांतल्या लुटीबद्दल बारा वर्षांची शिक्षा झाली होती. 1951 मध्ये ते सुटलेही. न्यूमन यांनी त्यांना कारखान्याच्या लांबलचक शेडपुढे, हनुवटीखाली हात गुंफवून, पुढे झुकवून बसवलं. दोन्ही बाजूंनी येणारे दिवे, आणि ट्यूबलाइटच्या उजेडात दिवसाची फिल्म वापरल्यावर चढते ती हिरवट झाक. चेहरा राक्षसी झाला. हे न्याय्य आहे का? माझ्या मते इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. दिवे हे न्यूमन यांचं मत आहे. असे दिवे लावले तर कुठलाही सज्जन भयानक दिसेल, म्हणून त्यांना पुरावा मानता येणार नाही. कारखाना मात्र पुरावा आहे. क्रुप यांची सत्ता जिथून चालत होती ती ही जागा, आणि न्यायालयाने जो गुन्हा नोंदवला तो या उद्योगाच्याच कारखान्यांमधला. दिवे सरळ लावले असते तरी ती शेड तेच बोलली असती. न्यूमन यांनी आपलं मत लपवलं नाही, हे मी त्यांच्या बाजूने धरतो. पण या फोटोत मला पटते ती मागची शेड, हिरवी छटा नव्हे.

त्याच फोटोग्राफरचा दुसरा फोटो याच्या नेमका उलट आहे. 3 मे 1960 रोजी अॅमस्टरडॅममधलं प्रिन्सेनग्राख्ट 263 हे घर संग्रहालय म्हणून खुलं झालं. जुलै 1942 पासून दोन वर्षांहून अधिक काळ तिथे आठ माणसं नाझींपासून लपून राहिली होती आणि त्यांतले ओटो फ्रांक, म्हणजे अॅन फ्रांकचे वडील, तेवढे जिवंत परतले होते. न्यूमन यांनी त्या दिवशी त्यांना पोटमाळ्यावर, लाकडी खांबाला टेकून उभं केलेलं दिसतं. खास दिव्यांचा आव नाही, वस्तू नाहीत. अटकेनंतर घरातलं सामान नेलं गेलं होतं आणि खोल्या रिकाम्याच राहाव्यात अशी फ्रांक यांची इच्छा होती. ज्यांना वाटतं की लोकेशन पोर्ट्रेट म्हणजे माणसाभोवती अर्थपूर्ण वस्तू गोळा करणं, त्यांनी हा फोटो जरूर पाहावा. इथे जागा जे सांगते ते तिच्यात नसलेल्या गोष्टींमुळे. स्टुडिओतल्या पडद्यापुढे हाच चेहरा एका वृद्ध, सभ्य गृहस्थाचा चेहरा राहिला असता.

अर्थात हे सगळं घडतं ते मासिकाच्या चौकटीत, आणि ती चौकट कडक असते. मुखपृष्ठ असेल तर वर नावासाठी जागा मोकळी सोडायची. दोन पानांवर पसरणारा फोटो असेल तर चेहरा शिवणीत जाता कामा नये. वाइड लेन्स लावली तर खोली मावते, पण कडेला बसलेल्या माणसाचं डोकं ताणलं जातं. खिडकीबाहेरचा उजेड आणि आतला दिवा यांचा मेळ बसवायला स्वतःचे दिवे न्यावे लागतात, त्यांच्या वायरी लपवाव्या लागतात, आणि हे सगळं चालू असताना समोरच्या माणसाशी बोलतही राहावं लागतं. अलीकडे आणखी एक आक्षेप संपादकांकडून येतो: एवढा खर्च कशाला? ज्याच्यावर लेख आहे तो स्वतःच फोनवर काढलेला बरा फोटो पाठवतो, कंपनीचा जनसंपर्क विभागही पाठवतो. खर्चाची अडचण मी मान्य करतो. पण माणसाने स्वतः पाठवलेला फोटो हे त्याचं स्वतःविषयीचं निवेदन असतं. लेखात आपण त्याचं निवेदन जसंच्या तसं छापत नाही, त्याच्या सहकाऱ्यांना विचारतो, जुनी कागदपत्रं पाहतो. फोटोला हा नियम का नसावा? दिवे, सहायक, मोठा कॅमेरा यांतलं बरंच कमी करता येईल. पुण्यातल्या त्या खोलीत तीन बल्बच होते. फोटोग्राफर तिथे जाण्याआधीचा वेळ मात्र कमी करता येणार नाही. खोलीत शिरल्यावर कॅमेरा पिशवीतच ठेवून भिंती, टेबल, खिडकीची दिशा आणि त्या माणसाची रोजची बसायची खुर्ची पाहायला लागणारा अर्धा तासही वाचवता येणार नाही. फोटोग्राफरला काम सांगताना संपादकाने आधी हा वेळ मागून घ्यावा, पैशांचं नंतर बोलावं.