मान खाली, तर मनही खाली? बसण्याच्या पद्धतीचा मूडवर किती परिणाम होतो, जाणून घ्या

भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली रो-रो बोट साधारण तासाभरात मांडव्याला लागते. बाहेर समुद्र असतो, पण आत बहुतेकांच्या माना मोबाइलवर झुकलेल्या. हे वाचताना कदाचित तुमचीही. यामुळे मान दुखते हे आपल्याला माहीत आहे. पण मनावरही परिणाम होतो का?

मानेवर किती भार?

आपल्या डोक्याचं वजन साधारण साडेचार ते साडेपाच किलो. मान ६० अंशांत झुकली की मणक्यावरचा भार २७ किलोंपर्यंत जातो, असा हिशेब अमेरिकेतील सर्जन केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये संगणकावर मांडला होता.

आणि मनावर?

न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठातील संशोधकांनी ७४ जणांपैकी काहींना ताठ, तर काहींना पोक काढून बसवलं आणि ताण येईल असं काम दिलं. ताठ बसलेल्यांनी मूड बरा आणि भीती कमी असल्याचं सांगितलं. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला.

‘पॉवर पोज’चं काय झालं?

दोन मिनिटं ऐटीत, ऐसपैस पवित्रा घेतल्यास हार्मोन्स बदलतात, असा दावा २०१० मध्ये ४२ जणांवरील प्रयोगातून झाला. एमी कडी यांच्या भाषणामुळे तो जगभर गाजला. २०१५ मध्ये २०० जणांवर तसाच प्रयोग झाला. लोकांना आत्मविश्वास वाटला, पण हार्मोन्स बदलले नाहीत. मूळ संशोधक डॅना कार्नी यांनीही २०१६ मध्ये त्या दाव्यावर आपला विश्वास उरला नसल्याचं जाहीर केलं.

मग ताठ बसलं की उदासी जाते?

नाही. थोडं बरं वाटू शकतं, इतकंच. अनेकदा उदासी आधी येते आणि खांदे नंतर पडतात. शिवाय प्रत्येक वाकलेली पाठ उदास नसते. बाजारात जमिनीवर बसून तासन्‌तास मासळी कापणाऱ्या कोळीणताईंची पाठ कामाने वाकते. त्यांना ‘ताठ बसा’ या सल्ल्यापेक्षा उंच ओटा जास्त उपयोगी पडेल.

काय कराल?

• मोबाइल डोळ्यांच्या उंचीवर धरा.
• अर्ध्या तासाने उठून दोन पावलं चाला.
• दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास वाटत असेल, झोप-भूक बिघडली असेल, तर डॉक्टरांशी बोला किंवा सरकारच्या ‘टेली-मानस’ हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. सेवा मोफत आहे, २४ तास सुरू असते आणि मराठीतही बोलता येतं.