डिझेलच्या टाकीचे अर्थिंग करायचे कोणी?

ठाणे / प्रतिनिधी

कोलशेतच्या खाडीकाठी एकेकाळी रसायनांचे आणि रंगद्रव्यांचे कारखाने होते. पूर्वीच्या सँडोझचा, म्हणजे नंतरच्या क्लॅरिअंटचा कारखाना बंद झाला आणि त्या जमिनीवर बहुमजली गृहसंकुले उभी राहिली. कारखान्यांबरोबर इंधनाचे साठेही या परिसरातून गेले, असा अनेकांचा समज आहे. तो खरा नाही. वीज गेल्यावर लिफ्ट, पाण्याचे पंप आणि अग्निशमन यंत्रणा चालू ठेवण्यासाठी मोठ्या संकुलांत डिझेल जनरेटर असतो आणि त्याच्या शेजारी डिझेलची टाकीही असते. फरक इतकाच, की कारखान्यात या टाकीची काळजी वाहायला विद्युत अभियंता असे. संकुलात ते काम व्यवस्थापन समितीच्या गळ्यात पडते आणि समिती बहुधा पंखे, ट्यूबलाइट दुरुस्त करणाऱ्या इलेक्ट्रिशिअनला बोलावून मोकळी होते.

यातील बऱ्याच टाक्यांची क्षमता ९९० लिटर असते. हा आकडा योगायोगाने आलेला नाही. पेट्रोलियम अधिनियम, १९३४ नुसार डिझेल 'ब' वर्गात मोडते. एका ठिकाणी एकूण २,५०० लिटरपर्यंत आणि एकाही टाकीची क्षमता १,००० लिटरपेक्षा अधिक नसेल, तर ते साठविण्यास परवाना लागत नाही. टाकी दहा लिटरने लहान ठेवली, की पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेच्या बेलापूर कार्यालयाची पायरी चढावी लागत नाही.

मात्र या सवलतीबरोबर आणखी एक गोष्ट हातची जाते. पेट्रोलियम नियम, २००२ मध्ये घाऊक साठ्याच्या टाक्यांसाठी अर्थिंगचे, म्हणजे भूसंपर्कनाचे, नेमके निकष आहेत. टाकीच्या समोरासमोरच्या टोकांना किमान दोन स्वतंत्र जोडण्या हव्यात, जमिनीशी रोध सात ओहमपेक्षा अधिक नसावा आणि जाणकार व्यक्तीने वर्षातून किमान एकदा त्याची चाचणी घ्यावी. परंतु घाऊक साठा म्हणजे १,००० लिटरपेक्षा मोठ्या टाकीतील साठा, अशी या नियमांतील व्याख्या आहे. साहजिकच ९९० लिटरची टाकी या निकषांतूनही निसटते आणि तिची सारी भिस्त राहते ती वायर जोडणाऱ्या माणसावर.

अर्थिंग म्हणजे एक तार जमिनीत पुरणे, एवढेच काम नव्हे. त्यामागे तीन निरनिराळी कारणे आहेत. पहिले स्थिर विजेचे. डिझेल नळीतून किंवा फिल्टरमधून वेगाने वाहताना त्यात विद्युतभार साचतो आणि डिझेल विजेचे दुर्वाहक असल्याने तो लवकर ओसरत नाही. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ प्रतीचे, अत्यल्प गंधकाचे डिझेल मिळू लागले. हवेच्या दृष्टीने हा बदल स्वागतार्ह असला, तरी गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलची विद्युतवाहकता आणखी घटते. इंधन उंचावरून टाकीत ओतले, तर भार अधिक वाढतो. म्हणूनच भरण्याची नळी तळापर्यंत न्यावी आणि पिंप, पंप व टाकी भरणा सुरू होण्यापूर्वी तारेने एकमेकांना जोडून घ्यावीत, असे सांगितले जाते. प्लास्टिकच्या कॅनला अशी तार लावून काहीच साधत नाही.

डिझेल पेट्रोलसारखे झटकन पेटत नाही, हे खरे. तथापि भारतीय मानकाप्रमाणे डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते तो बिंदू, किमान ३५ अंश सेल्सिअस असला तरी चालतो. युरोपात हीच मर्यादा ५५ अंशांच्या वर आहे. ठाण्यातील मे महिना आणि जनरेटरची बंदिस्त, तापलेली खोली डोळ्यांसमोर आणली, की ३५ चा आकडा फार दूरचा वाटत नाही.

दुसरे कारण आकाशातील विजेचे. ६ ऑक्टोबर २०१७ रोजी मुंबई बंदरातील जवाहर द्वीपावर, म्हणजेच बुचर बेटावर, भारत पेट्रोलियमच्या डिझेलच्या टाकीवर वीज कोसळून आग लागली. ती विझविण्यासाठी अग्निशमन दल काही दिवस झुंजत होते. अर्थिंगमुळे वीज पडायची थांबत नाही. पडलेल्या विजेला जमिनीत उतरायला वाट मिळते, इतकेच.

तिसरे कारण गळतीच्या विद्युतप्रवाहाचे, आणि अर्धवट माहितीचा माणूस फसतो तो येथेच. स्थिर वीज उतरण्यासाठी दहा लाख ओहमचा रोधही चालून जातो. गळतीच्या प्रवाहाला मात्र सात ओहमसुद्धा पुरत नाहीत. २३० व्होल्टला सातने भागले, तर प्रवाह येतो सुमारे ३३ अँपिअर. तेवढ्याने ६३ अँपिअरचा एमसीबी पडणार नाही आणि टाकीचा पत्रा वीजभारितच राहील. त्यासाठी टाकीच्या सांगाड्यापासून जनरेटरच्या न्यूट्रलपर्यंत धातूचा अखंड मार्ग आणि गळती ओळखणारे आरसीसीबी लागते. 'मीटरवर सात ओहम दाखवतोय, म्हणजे झाले,' असे म्हणणाऱ्याला ही गोष्ट बहुधा ठाऊक नसते.

मग पात्र कोण? केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा विनियमांनुसार असे काम परवानाधारक विद्युत ठेकेदारानेच करावयाचे असते. त्यावर देखरेख सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाची आणि प्रत्यक्ष हात परवानाधारक तारतंत्र्याचा, अशी ही उतरंड आहे. पूर्वीच्या १९५६ च्या भारतीय वीज नियमांतही अशीच तरतूद होती. महाराष्ट्रात हे परवाने शासनाचे अनुज्ञापक मंडळ देते. बोलीभाषेत त्याला अजूनही 'पीडब्ल्यूडीचे लायसन्स' म्हणतात. आयटीआयचे वीजतंत्री प्रमाणपत्र हे शिक्षणाचे प्रमाण झाले, तो परवाना नव्हे. कंत्राट देताना ही गल्लत सर्रास होते.

अर्थात परवाना असला, तरी इंधनाच्या वाफेजवळ काम करण्याचा अनुभव असतोच असे नाही. ज्वालारोधक दिव्याची पेटी बंद करताना एक बोल्ट राहिला किंवा केबल ग्लँड चुकीचा बसला, तर महागडे साहित्य साध्या दिव्याइतकेच धोकादायक ठरते. २००९ मध्ये जयपूरच्या इंडियन ऑइल आगारात गळतीनंतर पसरलेल्या वाफेचा भीषण स्फोट झाला. ठिणगी कोठून आली असावी, याचा शोध घेताना चौकशी समितीने ज्वालारोधक नसलेल्या विद्युत उपकरणांची शक्यताही नमूद केली होती.

कोलशेतपुरता आणखी एक मुद्दा आहे तो मातीचा. खाडीकाठच्या खारट, ओल्या चिखलात अर्थिंगचा रोध सहज कमी येतो, मात्र तोच खार जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी पट्टी झपाट्याने खातो. वरून खड्डा नीटनेटका दिसतो आणि आत पट्टीचा गंज झालेला असतो. येऊरच्या टेकड्यांकडे मुरूम आणि कातळ लागतो, तेथे अडचण नेमकी उलट. रोधच खाली येत नाही. पावसाळ्यात घेतलेले मोजमाप दोन्हीकडे फसवे ठरते, कारण भिजलेली जमीन आकडा आपोआप कमी दाखवते. खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये. ती घेताना प्रत्येक खड्ड्याची जोडणी सोडून त्याचा रोध स्वतंत्रपणे मोजावा लागतो आणि तेवढा वेळ जनरेटर बंद ठेवावा लागतो. चाचणीच्या कागदावर सगळ्या खड्ड्यांचा मिळून एकच आकडा लिहिलेला असेल, तर समितीने तो कागद परत पाठवावा आणि नव्या अहवालावर पर्यवेक्षकाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक मागून घ्यावा.